झुल्यावर झेलणाऱ्याकडे बघा

मंडळी, सर्कशीत उडत्या झुल्यांचा खेळ सुरू झाला की सगळा तंबू उडणाऱ्याकडे बघतो. साहजिकच आहे. पण माझी एक विनंती आहे. एकदा तरी समोरच्या झुल्यावर उलट्या टांगलेल्या माणसाकडे बघा. सर्कशीत त्याला कॅचर म्हणतात, आणि माझ्या मते खेळाचा खरा भार त्याच्यावर असतो.

पाय झुल्यात अडकवून तो खाली डोकं करून झोके घेत असतो. उडणारा फळीवरून कधी निघायचा, हा इशारा पुष्कळदा तोच देतो, कारण दोघांचे झोके जुळायला हवेत. उडणारा दांडी सोडतो ती झोक्याच्या टोकाला. कॅचरही त्याच वेळी आपल्या झोक्याच्या टोकाला पोहोचत असतो. टोकाला झोका क्षणभर थांबल्यासारखा होतो ना, तेवढ्या क्षणात पकड व्हायला हवी. आणि ते हातात हात देत नाहीत. याचा पंजा त्याच्या मनगटावर, त्याचा पंजा याच्या मनगटावर. घामाने एकाची पकड निसटली तरी दुसऱ्याची राहते. म्हणून तर वर चढल्यावर ती मंडळी हाताला पांढरी पूड चोळताना दिसतात.

१८५९ साली पॅरिसमध्ये ज्यूल लेओतारने हा खेळ लोकांसमोर पहिल्यांदा केला, तेव्हा झेलणारा नव्हताच. तो एका दांडीवरून दुसऱ्या दांडीवर जायचा, खाली गाद्या अंथरलेल्या असायच्या. समोर माणूस आला आणि कोलांट्या वाढत गेल्या. १९८२ च्या जुलैमध्ये अमेरिकेत टूसॉन इथे मिगेल वास्केसने प्रेक्षकांसमोर हवेत सलग चार कोलांट्या घेतल्या. प्रसिद्धी मिगेलला मिळाली. त्याला झेललं त्याच्या भावानं, हुआननं. चौथी कोलांटी संपता संपता इतक्या वेगाने येणारं शरीर मनगटावर तोलायचं, म्हणजे खांद्यांवर काय ताण येत असेल!

आपल्याकडे हे सगळं सुरू झालं विष्णुपंत छत्र्यांपासून. १८८० साली मुंबईत त्यांनी ग्रेट इंडियन सर्कस उभी केली. ते स्वतः घोड्यांचे जाणकार. कसरतींची मोठी परंपरा पुढे केरळात तलश्शेरीला, कीलेरी कुञ्ञिकण्णन यांच्या तालमीत वाढली, आणि देशभरच्या तंबूंना तिथून कलावंत मिळत राहिले.

केंद्र सरकारच्या १९९८ च्या अधिसूचनेनंतर वाघ, सिंह, अस्वलं, माकडं खेळांतून गेली. सर्कस संपली, असं तेव्हापासून ऐकतो. मला ते पटत नाही. पिंजऱ्यातल्या सिंहाला स्टुलावर बसवण्यात मला कधीच गोडी वाटली नाही. माणसानं माणसाला हवेत झेलणं याहून मोठं तिथे काय होतं?

तेव्हा जाल तर रिंगणाला लागून असलेल्या खुर्च्यांचा मोह सोडा. तिथून मान वर करून फक्त एकच झुला दिसतो. जरा मागची, बाजूची जागा घ्या, दोन्ही झुले एका नजरेत येतील अशी. कधी पकड चुकते, उडणारा जाळीत पडतो. बघा, तो पाठीवरच पडतो, तेही शिकावं लागतं. तो पुन्हा शिडी चढेपर्यंत कॅचर वर तसाच वाट बघत असतो. खेळ संपल्यावर तोही जाळीत उडी घेतो. तोवर टाळ्या ओसरलेल्या असतात. तुम्ही मात्र वाजवा.