जाकीट ड्रायव्हरच्या नजरेतून निवडा

(नाशिकमधले ठेकेदार, साइट इंजिनिअर आणि मुकादम यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सिंहस्थाच्या तयारीने नाशिकभर कामं काढली आहेत. रस्ते, पूल, घाट, पाइपलाइन, सगळं एकाच वेळी चालू आहे, आणि त्यातली बरीच कामं शेजारून वाहतूक धावत असताना, पुष्कळदा रात्रीच करावी लागतात. तुमच्यापैकी बहुतेकांनी कामगारांना सेफ्टी जाकिटं दिलेली आहेत. ती कशी निवडली, एवढंच मला आज बोलायचं आहे. आपण जाकीट दुकानाच्या काउंटरवर, ट्यूबलाइटच्या उजेडात, हातात धरून निवडतो. पण ते दिसायला हवं असतं शंभर-सव्वाशे मीटरवरून, ट्रक चालवणाऱ्या माणसाला. निवड त्याच्या सीटवर बसून व्हायला पाहिजे.

आकडे बघा. मुंबई-आग्रा महामार्गावर ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे सरकते. समोर माणूस आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत रस्त्याच्या आखणीत अडीच सेकंद धरतात. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ५५ मीटर गेले. आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबात या वेगाला थांबण्यासाठी १२० मीटर समोरचं दिसलं पाहिजे. मळकट, गडद कपड्यांतला बिगारी डिपरच्या उजेडात इतक्या लांबून दिसतच नाही. तो दिसतो तेव्हा ड्रायव्हरच्या हातात काहीच उरलेलं नसतं.

जाकिटाचं कापड आणि त्यावरची रुपेरी पट्टी, जिला आपल्याकडे सगळे रेडियम म्हणतात, ही दोन वेगवेगळी कामं करतात. पिवळं किंवा नारिंगी फ्लोरोसंट कापड सूर्यप्रकाशातले अतिनील किरण घेतं आणि दिसणाऱ्या रंगात परत देतं. म्हणून ते दिवसा, ढगाळ हवेत, तिन्हीसांजेला जास्तच भडक वाटतं. अंधार पडला की त्याचं काम संपतं. पिवळ्या सोडियम दिव्याखाली त्याचा काही उपयोग नाही. रात्रीचं काम पट्टीचं. तिच्यात काचेचे अतिसूक्ष्म मणी किंवा बारीक प्रिझम असतात, आणि ते हेडलाइटचा उजेड जिथून आला त्याच दिशेने, म्हणजे ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे, परत पाठवतात. शेजारी उभ्या मुकादमाला ती पट्टी राखाडी दिसेल आणि ट्रकवाल्याला ती लखलखती दिसेल. त्यामुळे ‘मला तर नीट दिसतंय’ किंवा ‘मला तर चमकत नाही’ या दोन्ही गोष्टींना साइटवर किंमत नाही.

आता जाकिटाचे वर्ग, म्हणजे ते किती ठळक दिसतं त्याच्या पायऱ्या. आपल्याकडे या कपड्यांसाठी आयएस १५८०९ हे मानक आहे, आणि बाजारात आयएसओ २०४७१ हे आंतरराष्ट्रीय मानकही दिसतं. आयएसओच्या मानकात तीन वर्ग आहेत. दुसऱ्या वर्गात किमान ०.५० चौरस मीटर फ्लोरोसंट कापड आणि ०.१३ चौरस मीटर पट्टी लागते. तिसऱ्या वर्गात ०.८० आणि ०.२०. पट्टीची रुंदी किमान ५० मिलिमीटर. पहिला वर्ग इतका तोकडा आहे की रस्त्याच्या कामासाठी तो मनातूनच काढून टाका. बंदिस्त प्लॉटवर, दिवसा, हळू फिरणाऱ्या गाड्यांमध्ये दुसऱ्या वर्गाचं बिनबाह्यांचं जाकीट चालतं. महामार्गावर, रात्री, पावसात, घाटाच्या धुक्यात तिसराच वर्ग हवा. आणि हे पक्कं लक्षात ठेवा: बिनबाह्यांचं जाकीट एकटं कधीही तिसऱ्या वर्गात बसत नाही. त्याला पट्ट्या असलेल्या बाह्या किंवा पँट लागतेच. विक्रेता बिनबाह्यांच्या जाकिटावर ‘क्लास ३’ लिहून देत असेल तर तिथून उठा. हातपाय हलताना दिसले की ड्रायव्हरला तो माणूस आहे हे चटकन उमगतं. नुसतं धड चमकलं तर ते बॅरिकेडही वाटू शकतं.

पट्टी कुठून जाते तेही बघा. स्वस्त जाकिटांना पुढे दोन उभ्या पट्ट्या असतात आणि कुशीत काहीच नसतं. कामगार गाडीकडे बाजूने उभा राहिला की तो गायब. कमरेभोवती पूर्ण वेढा हवा आणि खांद्यांवरूनही पट्टी हवी, कारण आपला माणूस दिवसभर वाकूनच काम करतो. पाठीवर कंपनीचं भलंमोठं नाव छापू नका. तेवढं फ्लोरोसंट कापड झाकलं जातं, आणि दुसऱ्या वर्गाच्या लहान मापात क्षेत्रफळ आधीच काठावर असतं.

रंगाबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण तो आपण सवयीने घेतो. जाकीट मागच्या पार्श्वभूमीपासून वेगळं उठून दिसलं पाहिजे. पिवळ्या जेसीबीच्या आणि रोलरच्या गराड्यात पिवळं जाकीट बुडतं, तिथे नारिंगी घ्या. नारिंगी बॅरिकेड आणि कोन मांडलेल्या पट्ट्यात उलट करा. पावसाळ्यात त्र्यंबक रस्त्याला दोन्ही बाजूंनी हिरवं झालं की पिवळट हिरवं जाकीट झाडीत मिसळतं. आणि पर्वणीच्या दिवसांत रामकुंड, पंचवटी भागात काम निघालं तर तिथे भगव्याचा सागर असणार, निशाणं भगवी, वस्त्रं भगवी. तिथे नारिंगी जाकीट घालून रस्त्यात उभा असलेला कामगार गर्दीतलाच एक दिसेल. त्याला पिवळंच द्या. म्हणजे एका ठेकेदाराकडे दोन्ही रंग असायला हवेत, आणि कामाची जागा बदलली की मुकादमाने रंग बदलायला हवा.

बायांचा प्रश्न तर कुणी विचारातच घेत नाही. आपल्या साइटवर घमेलं वाहणाऱ्या बाया साडीत असतात. पुरुषाच्या मापाचं जाकीट खांद्यावरून घसरतं, म्हणून त्या ते पदराखाली घालतात, आणि समोरची पट्टी पदराने झाकली जाते. त्यांच्यासाठी छोटी मापं मागवा, दोन्ही कुशींना आवळता येणारी. पदर खोचून जाकीट वरून घालायचं हे कामावर आल्या दिवशी प्रेमाने समजावून सांगा, आणि मापं घेताना त्यांना विचारा. ज्या बाईला ते जाकीट अंगात धड बसतं ती ते काढून ठेवत नाही. पावसातही हेच होतं. जाकिटावरून रेनकोट चढवला किंवा डोक्यावरून गोणपाटाची खोळ घेतली की सगळा खर्च झाकला गेला. पावसाळ्यासाठी रेनकोटवरून बसेल असं मोठं माप घ्या, नाहीतर पट्ट्या लावलेला प्रमाणित रेनकोटच घ्या.

खरेदी करताना आतलं लेबल वाचा. त्यावर मानकाचा क्रमांक, वर्ग, माप आणि किती वेळा धुता येईल हे हवं. आयएसआय चिन्ह असेल तर त्याखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपवर टाकून बघा, तो कुणाच्या नावाचा आणि कुठल्या वस्तूचा आहे ते तिथे कळतं. चाचणीचा अहवाल मागा, आणि तो याच कापडाचा, याच पट्टीचा आहे का ते तपासा. शिवाय एक सोपी परीक्षा आहे: अंधारात जाकीट वीस-पंचवीस पावलांवर टांगा, मोबाइलचा टॉर्च डोळ्याशेजारी धरून पट्टीकडे बघा, मग जाकीट थोडं तिरकं करा. खरी पट्टी तिरकी केली तरी उजळत राहते. नुसता चकचकीत रुपेरी प्लास्टिकचा पट्टा विझतो. एवढ्याने प्रमाणपत्राची गरज संपत नाही, पण भिकार माल लगेच बाजूला होतो.

वेल्डिंग आणि गॅस कटिंगच्या जागी साधं पॉलिस्टरचं जाकीट अजिबात देऊ नका. ठिणगीने ते वितळतं आणि अंगाला चिकटतं. तिथे ज्वालारोधक कापडच लागतं. फिरत्या यंत्राजवळ ओढ लागताच सुटून येणारं जाकीट घ्या. वेल्क्रोत सिमेंट भरतं, ते ब्रशने साफ करावं लागतं, नाहीतर माणूस जाकीट उघडंच ठेवतो आणि समोरून अर्धी पट्टी जाते.

धुण्याचं सांगतो. धोपाटण्याने बडवलं की पट्टीतले काचेचे मणी निघतात. ब्लीच नको, पट्टीवर इस्त्री नको, भर उन्हात वाळत घालणं नको, कारण नाशिकचं चैत्र-वैशाखाचं ऊन फ्लोरोसंट रंग लवकर उतरवतं. प्रत्येकाला दोन जाकिटं दिली तर एक धुता येतं. नव्या जाकिटाचा एक तुकडा ऑफिसात अंधाऱ्या कपाटात ठेवा आणि महिन्याला वापरातली जाकिटं त्याच्याशी ताडून बघा. फिकं पडलेलं जाकीट ‘अजून फाटलं नाही’ म्हणून चालवत राहू नका.

हे सगळं झालं तरी जाकीट हा शेवटचा आधार आहे. त्याआधी बॅरिकेड, आगाऊ फलक, झेंडेवाला, मागे येणाऱ्या डंपरला हॉर्न आणि त्याच्यासोबत माणूस हे सगळं लागतं. वाहतूक चालू असलेल्या रस्त्यावरच्या कामासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी एसपी ५५ ही मार्गदर्शिका तुमच्या इंजिनिअरच्या टेबलावर असायला हवी.

एका तरुण ठेकेदाराने मघाशी विचारलं की जाकिटाचे पैसे पगारातून कापले तर चालेल का, म्हणजे कामगार ते जपून वापरतील. नाही चालणार. सुरक्षेसाठी दिलेल्या वस्तूचा खर्च कामगारावर टाकायला कायद्याने मनाई आहे, २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीच्या संहितेत तसं स्पष्ट आहे. दुसरा प्रश्न वाळू-खडी घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरचा होता, की तो तर आपला माणूस नाही. तो केबिनमधून उतरून ताडपत्री सोडायला मागे गेला की त्या क्षणापुरता तो तुमच्या साइटवरचा माणूस आहे, आणि सगळ्यांत कमी दिसणारा. गेटवर खुंटीला धुतलेली दोन-चार जाकिटं टांगून ठेवा, ड्रायव्हरने ते अंगात चढवल्याशिवाय वॉचमनने गाडी आत सोडू नये, आणि जाताना परत घ्यावं.