टक्! बार न उडवता केलेली नेमबाजी

पडद्यावर दिसतंय ते काडतूस लालभडक आहे. पॉइंट टू-टूचं, म्हणजे ५.६ मिलिमीटर कॅलिबरचं. आत दारू नाही, कडेला पेटणारा मसाला नाही. नुसता ॲल्युमिनियमचा तुकडा. हा डमी राउंड.

नाशिकला बंदूक नवी नाही. देवळालीत तोफखान्याची शाळा आहे, भोसला मिलिटरी स्कूल १९३७ पासून. पॅरिसला २०२४ साली ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातला, पण नेमबाजीचे धडे त्याने नाशिकलाही गिरवले. पदकाच्या फोटोत न दिसणारा भाग म्हणजे हा ड्राय फायर. गोळी न झाडता नेम धरायचा, चाप दाबायचा, ‘टक्’ ऐकायचं.

मग नळी रिकामीच का नको? पॉइंट टू-टूची फायरिंग पिन, म्हणजे चाप दाबल्यावर काडतुसावर आदळणारी टोचणी, काडतुसाच्या कडेवर आपटते. काडतूस नसेल, तर बऱ्याच जुन्या रायफलींत ती थेट चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीच्या, काठावर बसते. काठ चेपला की पुढची काडतुसं अडकायला लागतात. तो मार डमी खाते. कॅमेरा जवळ नेला तर तिच्या कडेवरचे चावे दिसतील. थोड्याच ठोक्यांत ती कड निकामी होते, मग डमी फेकायची. मोठ्या काडतुसांच्या स्नॅप कॅपमध्ये, म्हणजे ड्राय फायरसाठीच्या डमीत, मागे स्प्रिंग किंवा रबर असतं, त्या पुष्कळ टिकतात. स्प्रिंगवाल्या एअर रायफलचं गणित वेगळं. तिच्यात छर्रा नसेल तर पिस्टन थेट आदळतो, म्हणून ती रिकामी झाडूच नये.

आता नळीवर, माशीच्या (टोकावरच्या नेमाच्या खुंटीच्या) अलीकडे, रुपयाचं नाणं ठेवलंय. “चाप ओढू नकोस, दाब,” प्रशिक्षक सांगतात. टक्. नाणं घरंगळलं. पुन्हा.

रेंजवर डमी याहून कठोर होते. जोडीदार मॅगझिन (गोळ्यांची पेटी) भरताना खऱ्या गोळ्यांत एखादी डमी सरकवतो. नेमबाजाला पत्ता नसतो. चाप दाबला, बार उडालाच नाही, आणि नळीचं टोक मात्र झटक्यात खाली गेलं! धक्क्याच्या धास्तीने हात आधीच दचकला होता. खऱ्या बारात हे झाकलं जातं आणि खापर साइटवर, म्हणजे नेम धरायच्या साधनावर, फुटतं. डमीपुढे सबब चालत नाही. हा प्रयोग मात्र फक्त रेंजवर, प्रशिक्षकासमोर. घरी नाही.

डमी घेताना पितळी रंगाची घेऊ नका. काही जण हौसेने हुबेहूब दिसणारी शोधतात. पण हुबेहूब दिसणं हाच तिचा दोष! लाल, निळी, लांबून ओळखू येणारी हवी.

घरचा सराव सुरू करण्याआधी खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. मॅगझिन काढा. बोल्ट (चेंबर बंद करणारा दांडा) मागे घ्या, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा, मग बोट घालून चाचपा. त्यानंतरच डमी. नळी भक्कम भिंतीकडे, पलीकडे कोणी राहत नाही अशा. पार्टिशनची भिंत चालणार नाही.

थांबताना “सराव संपला” असं मोठ्याने म्हणायचं आणि रायफल पेटीत ठेवायची. ‘आता शेवटचं एकदा’ हीच घडी धोक्याची, कारण मन सराव संपवून बसलेलं असतं आणि खरी काडतुसं परत हाताशी आलेली असतात. तरीही मोह झालाच, तर पुन्हा पहिल्यापासून: कुलूप, मॅगझिन, बोल्ट, डोळे, बोट.