सकाळची गोळी, रात्रीची गोळी

(दृश्य : गोखले रोड, मेडिकलचा काउंटर)

ठाणे पश्चिम. काउंटरवरच्या या दोन्ही स्ट्रिपा डिप्रेशनच्याच. डावीकडे एस्सिटॅलोप्रॅम, १० मिलिग्रॅम, एसएसआरआय गटातली. उजवीकडे अमिट्रिप्टिलीन, २५ मिलिग्रॅम, जुन्या ट्रायसायक्लिक गटातली. ‘यात जास्त पॉवरची कुठली?’ हा इथला नेहमीचा प्रश्न. त्याचं उत्तर मिलिग्रॅममध्ये नाही.

(अ‍ॅनिमेशन : दोन चेतापेशी)

पेशी सिरोटोनिन हे निरोप पोचवणारं रसायन सोडते आणि पुन्हा आत ओढून घेते. एसएसआरआय हे ओढणं रोखते, एवढंच तिचं मुख्य काम. ट्रायसायक्लिक तेही करते, नॉरएपिनेफ्रिन या दुसऱ्या रसायनाचंही करते, आणि जाता जाता हिस्टामिन व अ‍ॅसिटिलकोलीन या आणखी दोन रसायनांच्या जागाही अडवून बसते. म्हणून गुंगी, तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, धूसर दिसणं. प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडकते. पलंगावरून झटकन उठलं की बीपी उतरून तोल जातो. त्यामुळे अमिट्रिप्टिलीनची गोळी रात्री, १० किंवा २५ मिलिग्रॅमपासून, हळूहळू वाढवत. हीच गोळी कमी डोसमध्ये नसांच्या दुखण्यालाही देतात. चिठ्ठीत दिसली म्हणजे डिप्रेशनच, असं नाही.

(दृश्य : ईसीजीची पट्टी)

हृदयातलं विद्युतवहन अमिट्रिप्टिलीन मंदावू शकते, म्हणून वयस्कांना आधी ईसीजी. जास्त गोळ्या एकदम पोटात गेल्या तर जीव जाऊ शकतो. स्ट्रिप घरच्यांच्या ताब्यात हवी.

(दृश्य : चहा, नाश्ता, गोळी)

एसएसआरआय बहुधा सकाळी, नाश्त्यानंतर. मळमळ, पातळ शौच, अस्वस्थपणा पहिल्याच आठवड्यात. गुण यायला मात्र दोन ते चार आठवडे, कधी सहा. अनेक लोक गोळी सोडून देतात ती नेमकी या मधल्या दिवसांत. लैंगिक इच्छा कमी होऊ शकते, पण हे काउंटरवर कुणी विचारत नाही. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकासोबत रक्तस्राव वाढू शकतो, ट्रामाडॉल हे दुसरं वेदनाशामक चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. पंचविशीच्या आतल्यांत सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात : त्याच दिवशी डॉक्टर, किंवा टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.

(दृश्य : गोळी कापायचा कटर)

बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात, मग डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. एकदम थांबवली तर चक्कर येते, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होतं. लोक त्याला व्यसन समजतात, ते व्यसन नव्हे. एसएसआरआय गटातल्याच पॅरॉक्सेटिन सोडताना हा त्रास जास्त, फ्लुओक्सेटिनला कमी, कारण ती शरीरातून जायलाच काही आठवडे घेते.