पत्रकातला 'प्रवासाचा दिवस'

मंडळी, नमस्कार. आमच्या सहलीचं पत्रक तुमच्यापैकी पुष्कळांच्या हातात दिसतंय. ते जरा उघडा. ताजमहालाच्या दिवसाला चार ओळी, लाल किल्ल्याच्या दिवसाला तीन. आणि मधल्या दिवसांपुढे एकच शब्द : 'प्रवास'. म्हणजे त्या दिवशी पाहण्यासारखं काही नाही, डबे उघडा, पत्ते पिसा आणि मुक्काम आला की उठवा. मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात 33 वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर अशा सहलींबरोबर वाटाड्या म्हणून जातो. माझं भांडण या एका शब्दाशी आहे. आज तेवढंच भांडण करायला उभा आहे.

जयपूरपासून निघू, पण तिथे रेंगाळणार नाही. 1727 साली सवाई जयसिंहाने आखून वसवलेलं शहर, त्याचे सरळसोट रस्ते, जंतरमंतरमधलं 27 मीटर उंचीचं सम्राट यंत्र, हे सगळं तिथला गाइड माझ्यापेक्षा रंगवून सांगतो. आमेरच्या किल्ल्यात मात्र मी आपल्या लोकांना एक आठवण करून देतो. मिर्झाराजे जयसिंह इथले. 1665 च्या जूनमध्ये पुरंदरचा तह झाला आणि 23 किल्ले गेले, ते यांच्याशी बोलणी करून. शीशमहालात आरशासमोर फोटो काढणारे हात तेवढ्यापुरते खाली येतात. पुन्हा वर जातात, ती गोष्ट वेगळी.

जयपूर ते आग्रा हा पहिला 'प्रवास'. खिडकीबाहेर मोहरीची शेतं, वीटभट्ट्या आणि राजस्थान संपता संपता सपाट होत गेलेली जमीन. या गाडीत मी पुढची गोष्ट सांगून घेतो, कारण आग्र्यात उतरल्यावर कोणी ऐकत नाही, सगळ्यांना ताज दिसत असतो. तहाच्या दुसऱ्याच वर्षी, 12 मे 1666 ला, महाराज औरंगजेबाच्या दरबारात उभे राहिले. त्यांच्या सुरक्षिततेचा शब्द मिर्झाराजांनी दिलेला, आणि आग्र्यात तो सांभाळायची वेळ आली मिर्झाराजांच्या मुलावर, रामसिंहावर. 17 ऑगस्टला महाराज पहाऱ्यातून निसटले आणि रामसिंहाच्या कपाळी बादशहाचा रोष आला. म्हणजे सकाळी ज्यांचा वाडा पाहिला, त्यांच्याच घरची ही गोष्ट. दोन शहरं वेगवेगळ्या दिवशी पाहिली की हा धागा तुटतो. गाडीत बसून सांगितली की जुळतो.

आता उतरायचं ते आग्रा फोर्ट स्टेशनवर. दिल्लीहून थेट येणारी गतिमान एक्सप्रेस तुम्हाला आग्रा कॅन्टला सोडते. ताशी 160 किलोमीटरचा वेग, सगळं झकास. पण मला फोर्ट स्टेशनच आवडतं. फलाटावरून एका अंगाला किल्ल्याची लाल तटबंदी दिसते, दुसऱ्या अंगाला जामा मशिदीचे घुमट. आमचे लोक म्हणतात, वा, काय जागा निवडलीय स्टेशनला! तिथे मी त्यांना थांबवतो. किल्ल्याचा दिल्ली दरवाजा आणि मशीद यांच्यामध्ये त्रिपोलिया चौक होता, अष्टकोनी. किल्ल्यातून निघावं, चौक ओलांडावा आणि मशिदीत शिरावं, अशी ती रचना. 1870 च्या दशकात रेल्वे आली तेव्हा तो चौक पाडला आणि त्याच जागी रूळ टाकले. दिल्ली दरवाजाकडचा भाग आजही लष्कराकडे आहे. आपण आत जातो ते अमरसिंह दरवाजाने, जिथे समोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. गाइड पुतळा दाखवतो, ताज दाखवतो. आपण नुकतेच ज्या फलाटावर उतरलो तो कशाच्या जागेवर आहे, हे त्याच्या यादीत नसतं.

दिल्लीतही हेच. यमुनेवरचा जुना लोखंडी पूल ठाऊक असेल, वरून गाडी, खालून रस्ता. 1860 च्या दशकातला. पूल ओलांडून गाडी जुन्या दिल्ली स्टेशनकडे जाते ती कुठून? सलीमगडाच्या पोटातून. शेरशहा सूरच्या मुलाने 1546 साली बांधलेला हा किल्ला, लाल किल्ल्याला अगदी खेटून. त्याला चिरून रूळ नेले. सत्तावनच्या उठावाचा धसका ताजा होता. फौज कमी वेळात हलवता यावी ही इंग्रजांची निकड होती आणि पडलेल्या बादशाहीच्या भिंतींचा मुलाहिजा ठेवायचं त्यांना कारण नव्हतं. मी स्वतः रेल्वेचा माणूस. या खात्याचं मीठ खाल्लंय. तरी सांगतो, रूळ म्हणजे केवळ सोय नव्हे. ते कुठून नेले आणि कोणासाठी नेले, हे पाहिलं तर शहराचा अर्धा इतिहास त्यातच लिहिलेला आहे.

दिल्लीहून कालकाकडे निघालं की दीड-एक तासात पानिपत. खिडकीतून दिसतं ते आपल्या कुठल्याही स्टेशनसारखं : चहाची टपरी, पिवळी पाटी, गोणपाटात बांधलेला माल. 14 जानेवारी 1761 चं रणांगण फलाटावरून दिसत नाही. काला आंबचं स्मारक शहराबाहेर आहे. त्या ठिकाणी मी तोंड उघडत नाही. दर वेळी डब्यात कोणी ना कोणी पाटीकडे पाहून हात जोडतंच. पुढे कर्नाल. त्याच्या जवळच कुंजपुरा, लढाईच्या काही महिने आधी भाऊसाहेबांनी जिंकलेला. मग कुरुक्षेत्र, अंबाला, चंदीगड. सपाटीची सवय झालेल्या डोळ्यांना शिवालिकच्या टेकड्या दिसायला लागतात आणि कालका येतं. इथे मोठा रूळ संपतो.

आता माझा खरा विषय. कालका समुद्रसपाटीपासून 656 मीटरवर, शिमला 2,076 वर. मधलं अंतर 96 किलोमीटर आणि काही मीटर. दोन फूट सहा इंच रुंदीचा रूळ, 102 बोगदे, साडेआठशेच्या वर पूल. 9 नोव्हेंबर 1903 ला मार्ग सुरू झाला, 2008 साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. माथेरानची गाडी आपल्या ओळखीची, तिचा रूळ याहूनही अरुंद, दोनच फूट. शिमल्याचंही काम आधी दोन फुटांच्याच बेताने चाललं होतं. लष्कराने हट्ट धरला म्हणून अर्धा फूट वाढला. माथेरानला बोगदा एकच, त्याचं आपल्याला केवढं कौतुक! चढाचं म्हणाल तर भोर घाटात 37 फूट पुढे गेल्यावर एक फूट वर चढतो आणि मागून ढकलायला जादा इंजिन, म्हणजे बँकर, लावावं लागतं. इथे 33 ला एक. दातेरी रूळ नाही, काही नाही. चढ आटोक्यात ठेवायला डोंगराला वळसे घेत घेत जायचं, एवढीच युक्ती. काही वळणं इतकी घट्ट की मागच्या डब्यातून पुढचं इंजिन समोर दिसतं.

एवढा खटाटोप कोणासाठी? 1864 पासून शिमला ही उन्हाळ्याची राजधानी. दर वर्षी सगळं सरकार, फायली, कारकून, मेमसाहेब आणि त्यांचे पियानो, कालकाहून वर चढायचं. गाडी आली नव्हती तोवर हे सगळं टांग्याने आणि माणसांच्या पाठीवरून. पियानोचं वजन कोणाच्या पाठीवर असायचं, हे सांगायला नको.

पूल बघा. लोखंडी तुळया टाकून मोकळे झाले नाहीत. दगडी कमानी, एकीवर एक रचलेल्या. कनोहजवळचा पूल तर चार मजली. रोमन लोक पाणी नेण्यासाठी बांधायचे तशा धाटणीचा. गाडी त्यावरून जाते तेव्हा वळणामुळे तो अख्खा दिसतो, फक्त तेव्हा डबा उघडून बसलेलं नसावं.

बडोगला नाश्त्याला थांबतात. इथला 33 नंबरचा बोगदा 1,144 मीटरचा, सगळ्यांत लांब. त्याची गोष्ट तिथे हरेक जण सांगतो. बडोग नावाच्या इंग्रज इंजिनियरने दोन्ही बाजूंनी खणायला घेतलं आणि दोन टोकं जुळलीच नाहीत. सरकारने त्याला एक रुपया दंड केला, आणि अपमान सहन न होऊन त्याने जीव दिला. पुढे भलकू नावाच्या एका डोंगरी माणसाने काठीने ठोकत ठोकत वाट दाखवली म्हणतात. काठीचं मला पटत नाही. पण डोंगर पायाखाली घातलेल्या माणसाला खडक कुठे ठिसूळ, कुठे पक्का हे कळतं, हे मी नोकरीत गँगमनांकडून पाहिलेलं आहे. शिमल्यातल्या रेल्वे संग्रहालयाला बाबा भलकूंचं नाव आहे. आणि स्टेशनाला बडोगचं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बोगद्यापेक्षा स्टेशन मास्तरच्या खोलीतच जास्त रमलो होतो. एकेरी मार्ग, म्हणून ड्रायव्हरला पुढे जायचा परवाना लोखंडी गोळ्याच्या रूपात. पुढच्या स्टेशनाने संमती दिल्याशिवाय यंत्रातून गोळा निघत नाही, आणि एका वेळी एकच. समोरासमोर टक्कर होऊच नये, अशी ती योजना. आमच्या मंडळींना मी तो गोळा लांबून दाखवला, त्यांना तो क्रिकेटचा चेंडू वाटला.

डोंगर मात्र कोणाचा परवाना मानत नाही. 2023 च्या ऑगस्टमध्ये समर हिलजवळ पावसाने रुळाखालची माती वाहून नेली आणि रूळ दोरीसारखे हवेत लोंबत राहिले. काही आठवडे गाडी वर जाऊ शकली नाही. त्या भागात आली की अजूनही मी खिडकीबाहेर वाकून भराव बघतो. सवय.

एकदा आमच्याबरोबर एक निवृत्त शिक्षिका होत्या. सगळे त्यांना बाईच म्हणायचे. कालकापासून त्या वहीत बोगद्यांसाठी रेघा ओढत होत्या, पाच झाल्या की आडवी रेघ. पाच-सहा तास, न झोपता. शिमल्याच्या तोंडावर शेवटचा बोगदा आला, त्यावर आकडा 103. वहीत 102. बाईंचा चेहरा उतरला. "एक सुटला माझा." मी म्हटलं, "बाई, तुमचा नाही सुटला. 46 नंबरचा बोगदा आता राहिलेला नाही. बाकीच्यांचे आकडे कोणी बदलले नाहीत, एवढंच." त्यांनी वही मिटली नाही. म्हणाल्या, मग जिथे होता ती जागा मला दाखवा. दोन दिवसांनी परत उतरताना आम्ही दोघं दारापाशी उभे राहून 47 पासून उलटे मोजत आलो.