वजनकाट्यावरची दहा वर्षं

नमस्कार श्रोतेहो.

सत्र न्यायालयात आरोपी दोषी ठरला की न्यायाधीश त्याला एक प्रश्न विचारतात, 'शिक्षेबाबत काही सांगायचं आहे का?' कायद्यानं तो विचारावाच लागतो. पिंजऱ्यातला माणूस हात जोडतो. म्हातारी आई, पोरं लहान, पहिलीच चूक, दया करा साहेब. हे सगळं नोंदवलं जातं आणि पुढची ओळ येते : दहा वर्षं सक्तमजुरी, एक लाख रुपये दंड. गांजा, चरस, गर्द यांच्या खटल्यात माल 'व्यापारी प्रमाणा'तला ठरला, की न्यायाधीशांना याच्या खाली उतरताच येत नाही. वर मात्र वीस वर्षांपर्यंत चढता येतं. वकिली करताना हा प्रश्न मी कितीदा तरी ऐकलाय, आणि दर वेळी मनात आलंय, मग विचारता तरी कशाला?

अमली पदार्थांविरुद्धचा हा कायदा १९८५चा. त्याचं पूर्ण मराठी नाव घेताना धाप लागते, म्हणून कोर्टात सगळे एनडीपीएसच म्हणतात. सुरुवातीला तर गांजा आणि स्वतःपुरता अगदी थोडा माल सोडला, तर बाकी जवळपास सगळ्यांना सरसकट किमान दहा वर्षं होती. २००१मध्ये तीन पायऱ्या आल्या : अल्प, मधलं आणि व्यापारी प्रमाण. गांजा एक किलोच्या आत असेल तर अल्प, वीस किलोच्या वर गेला तर व्यापारी. गर्दसाठी तेच आकडे पाच ग्रॅम आणि अडीचशे ग्रॅम. एमडीला, म्हणजे मेफेड्रोनला, पन्नास ग्रॅम ओलांडले की पुरे, मुठीत मावतील एवढे. अल्प प्रमाणाला जास्तीत जास्त एक वर्ष. मधल्या पायरीवर दहा वर्षांपर्यंत कितीही, तिथे न्यायाधीशांचा हात मोकळा.

आता गंमत बघा. कायद्याचे शब्द आहेत, ठरवलेल्या वजनापेक्षा 'जास्त'. म्हणजे काट्यावर बरोबर वीस किलो गांजा भरला, तर तो मधल्या पायरीवर राहतो. त्यावर चिमूटभर पडला, की किमान दहा वर्षं. म्हणून आम्ही वकील पोत्यावर भांडतो. कायद्याच्या लेखी गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं आणि बिया त्यात धरत नाहीत. पण छाप्याच्या रात्री टेम्पोच्या उजेडात पोतं काट्यावर चढतं ते पाला, काड्या, बिया, ओलावा या सगळ्यासकट. पंचनाम्यात एकच आकडा उतरतो. पुढे उलटतपासणीत पंचाला विचारलं, शेंडे वेगळे काढले होते का, की तो खाली बघतो.

गर्दचं तर आणखी अवघड. त्यात भेसळ असतेच. शुद्ध अमली द्रव्य किती तेवढंच मोजा, असं सर्वोच्च न्यायालयानं २००८मध्ये म्हटलं होतं. २०२०मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानं ते फिरवलं. आता भेसळीसकट सगळी पावडर तोलायची.

मग अपवाद आहेत कुणाला? व्यसनी माणसाला आहेत. थोड्या मालासह सापडलेला गर्दुल्ला स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला तयार झाला आणि त्यानं ते पुरे केले, तर कलम ६४-अ खाली त्याच्यावरचा खटलाच टळतो. दोषी ठरल्यावरही कलम ३९ खाली त्याला उपचारासाठी सोडता येतं. घरात कुणी या नादाला लागलं असेल, तर हे दोन आकडे लिहून ठेवा. वकीलही विसरतात.

आपल्या मुंबई उच्च न्यायालयानंही एक खिडकी उघडली. काही गुन्हे दुसऱ्यांदा केले तर फाशी सक्तीची होती. २०११मध्ये न्यायालय म्हणालं, तिथला 'शॅल' हा शब्द 'मे' असा वाचा. 'द्यावीच'चं झालं 'देता येईल'. २०१४मध्ये संसदेनं कायदाही तसाच बदलला.

पण पोतं वाहणारा राहिला तिथेच. भाड्यानं गाडी हाकणारा ड्रायव्हर, त्याच्या शेजारी झोपलेला क्लीनर. अमेरिकेत शिक्षा आपल्याहून सौम्य नाहीत, तरी १९९४पासून तिथे कायद्यात 'सेफ्टी व्हॉल्व्ह' आहे, कुकरला असतो तसा. गुन्ह्यांचा मोठा इतिहास नाही, हत्यार नाही, मारझोड नाही, टोळीचा म्होरक्या नाही आणि जे ठाऊक होतं ते खरं सांगितलं, एवढं जमलं तर न्यायाधीश किमान शिक्षेच्या खाली जाऊ शकतात. असा झडपेचा मार्ग आपल्याकडे असावा, असं माझं ठाम मत आहे. त्यानं मालाचा धनी सुटणार नाही. तसाही तो पोत्याजवळ क्वचितच सापडतो.

२००७मध्ये मध्य प्रदेशातलं असंच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. माणूस गरीब, नुसता माल वाहणारा, पहिलाच गुन्हा. दहा वर्षांना न्यायालयाला हात लावता आला नाही, लाखाचा दंडही तसाच राहिला. दंड भरला नाही तर आणखी तीन वर्षं भोगायची होती. तेवढी मात्र न्यायमूर्तींनी सहा महिन्यांवर आणली.

नमस्कार.