पहिल्या मात्रेनंतरचे तीन आठवडे

प्रयोगशाळेच्या तबकडीत सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या या दृश्यात उजवीकडून सरकत येणारी ही लहान पेशी म्हणजे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेतील टी पेशी, आणि मधोमध असलेली तिच्याहून मोठी पेशी कर्करोगाची आहे. टी पेशी तिच्या पृष्ठभागावरील प्रथिनांचे तुकडे पारखते आणि ओळख पटताच तिला घट्ट चिकटते. संपर्काच्या जागी सोडलेले परफोरिन हे प्रथिन कर्कपेशीच्या आवरणाला छिद्रे पाडते, ग्रॅन्झाइम ही विकरे आत शिरतात आणि पेशीचा आत्मनाश सुरू होतो. आवरणावर उठलेले हे फुगवटे त्याचीच खूण आहेत. टी पेशी मात्र शाबूत राहते आणि पुढच्या पेशीकडे वळते.

तबकडीत सहज घडणारे हे काम शरीरातील गाठीत अनेकदा अडते. टी पेशीवरील पीडी-१ या ग्रहणकाला कर्कपेशीवरील पीडी-एल१ हे प्रथिन जुळले, की टी पेशी मंदावते. स्वतःच्या ऊतींवर हल्ला होऊ नये यासाठी शरीरातच असलेल्या या लगामाचा फायदा कर्करोग उठवतो. तासुकु होन्जो यांच्या क्योतो येथील प्रयोगशाळेने पीडी-१चा शोध १९९२ साली प्रसिद्ध केला; सीटीएलए-४ या दुसऱ्या लगामावर काम करणारे जेम्स ॲलिसन आणि होन्जो यांना २०१८चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज कर्करोगावर शिरेतून दिली जाणारी, पीडी-१सारखे लगाम रोखणारी औषधे म्हणजे तो लगाम सैल करणारी प्रतिपिंडे, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटणारी प्रथिने आहेत.

तो खरोखर सैल झाला का, हे पाहण्याची जागा म्हणजे ही नळी. रुग्णाचे रक्त विशिष्ट घनतेच्या द्रवावर हलकेच ओतून सेंट्रिफ्यूज या गरगर फिरणाऱ्या यंत्रात फिरवले, की तांबड्या पेशी तळाशी बसतात, रक्तद्रव वर राहतो आणि दोहोंच्या मध्ये टी पेशी असलेला हा पातळ, धुरकट पांढरा थर उरतो. तो उचलण्यासाठी यंत्रापेक्षा स्थिर हात लागतो. थरातील पेशींना चमकणारी रंगद्रव्ये जोडलेली प्रतिपिंडे लावली जातात आणि फ्लो सायटोमीटर या पेशी मोजणाऱ्या यंत्रात त्या एकामागून एक, सेकंदाला हजारोंच्या वेगाने, लेझरसमोरून जातात. पडद्यावरील प्रत्येक ठिपका म्हणजे एक पेशी. उजवीकडे वर दाटलेल्या ठिपक्यांत केआय-६७ हे प्रथिन आहे, म्हणजेच या पेशी विभाजनाच्या चक्रात उतरल्या आहेत. पीडी-१ रोखणाऱ्या औषधाच्या पहिल्या मात्रेनंतर सुमारे तीन आठवड्यांत, कित्येक रुग्णांच्या रक्तातील सीडी-८ टी पेशींमध्ये, म्हणजे इतर पेशींना मारणाऱ्या टी पेशींमध्ये, अशा विभाजित होणाऱ्या पेशींची वाढ दिसते. पहिला स्कॅन बहुधा त्यानंतर काही आठवड्यांनी होतो. शिवाय प्रतिकारपेशी गाठीत शिरल्यामुळे काही थोड्या रुग्णांत गाठ आधी मोठीच दिसते, आणि तेव्हा केवळ स्कॅनवर विसंबणे फसवे ठरते. तरीही मोजणीच्या या कामाकडे संशोधनाबाहेर फारसे कोणी वळत नाही, हे खटकते.

पेशी जाग्या झाल्या म्हणजे गाठ विरघळलीच, असे नाही. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या रुग्णांत या वाढीचे गाठींच्या एकूण भाराशी असलेले प्रमाणही महत्त्वाचे ठरल्याचे आढळले आहे. अनेक रुग्णांना या उपचाराचा लाभ होत नाही, आणि काहींमध्ये सैल सुटलेल्या पेशी आतडी, त्वचा किंवा फुप्फुसांवर उलटल्यामुळे स्टेरॉइड द्यावी लागतात.

गाठीचा तुकडा पुनःपुन्हा काढणे बहुधा शक्य नसते, रक्त मात्र प्रत्येक मात्रेआधी घेता येते. द्रवरूप नायट्रोजनच्या या टाकीतील पहिल्या रांगेत उपचारापूर्वीचे नमुने आहेत. ते त्या वेळी घेतले नाहीत, तर नंतरच्या कोणत्याही मोजणीची तुलना करायला आधार उरत नाही.