सूर्य दोनदा डोक्यावर येतो, मग उन्हाळा एकदाच का?

पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून ऋतू होतात, हे वाक्य इथल्या प्रत्येकाने शाळेत पाठ केलेलं असणार. वाक्य खरं आहे. पण पुण्या-नागपूरच्या माणसाचं त्याने अर्धंच समाधान होतं. आज उरलेल्या अर्ध्याबद्दल बोलू.

त्याआधी एक गैरसमज. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते, असं भल्याभल्यांना वाटतं. प्रत्यक्षात जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपण स्वेटर शोधत असतो तेव्हा, ती सूर्यापासून १४.७१ कोटी किलोमीटरवर असते आणि तेच वर्षातलं सर्वांत कमी अंतर. जुलैच्या सुरुवातीला ते १५.२१ कोटी होतं. उष्णतेत फरक पडतो तो सुमारे सात टक्क्यांचा. अंतरावरच सगळं ठरत असतं, तर सिडनीला आणि साताऱ्याला उन्हाळा एकदमच आला असता.

तेव्हा कारण कलण्याचंच. आस वर्षभर एकाच दिशेला रोखलेला राहतो, त्यामुळे जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो आणि डिसेंबरमध्ये पाठ फिरवून असतो. त्याने दोन गोष्टी बदलतात : दुपारी सूर्य किती वर चढतो आणि दिवस किती तासांचा होतो. लंडनला डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो, दिवस आठ तासही भरत नाही, आणि जूनमध्ये तोच दिवस साडेसोळा तासांचा होतो. पुण्यात डिसेंबरातही सूर्य ४८ अंशांपर्यंत चढतो. दिवस हिवाळ्यात अकरा तासांचा, जूनमध्ये सव्वातेरा. या हिशेबाने आपला हिवाळा सौम्यच असायला हवा आणि बहुतेक ठिकाणी तो असतोही. (निफाडचे द्राक्षबागायतदार इथे हात वर करतील. तिथली कडाक्याची थंडी उत्तरेकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्यांची आणि निरभ्र रात्रींची.)

आता मुख्य मुद्दा. अख्खा महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे इथल्या प्रत्येक गावात सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो. सावंतवाडीला ३ मेच्या सुमारास, कोल्हापूरला ६ मे, पुण्याला १३-१४, मुंबईला १५-१६ आणि नागपूरला २६ मेच्या आसपास. त्या दिवशी पुण्यात साधारण साडेबाराला उभी काठी रोवा, सावली काठीच्या बुडाशीच सापडेल. मग सूर्य कर्कवृत्तापर्यंत जाऊन मागे फिरतो. परतीच्या वाटेवर तो नागपूरच्या डोक्यावर जुलैच्या मध्यावर येतो, पुण्याच्या २९-३० जुलैला.

म्हणजे नुसता कोन पाहिला, तर पुण्यात जुलैअखेरीस मेइतकंच तापायला हवं. दिवसाची लांबीही जवळपास तेवढीच असते. पण मेमध्ये पुण्याचं सरासरी कमाल तापमान ३७ अंशांच्या आसपास असतं आणि जुलैअखेर २८च्या. नऊ अंश गेले कुठे?

ते पावसाने नेले. आणि तो पाऊस आणतं तेच मेमधलं ऊन. जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश. एप्रिल-मेमध्ये उत्तर भारत भाजून निघतो, तिथली हवा वर जाते, दाब उतरतो. विषुववृत्ताजवळचा कमी दाबाचा पट्टा सूर्यामागोमाग उत्तरेकडे सरकत थेट आपल्यावर येतो. दक्षिण गोलार्धातले आग्नेय वारे त्या ओढीने विषुववृत्त ओलांडतात आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळून नैर्ऋत्येचे होतात. अरबी समुद्रावरून बाष्प भरून घेत ते येतात आणि समोर सह्याद्री उभा असतो. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. सूर्याचा कोन दोन्हीकडे सारखाच, तरी एकीकडे भात आणि दुसरीकडे बाजरी.

ऑक्टोबरात ढग हटतात, जमिनीत ओल असते, सूर्य अजून बराच वर असतो. तो दमट उकाडा म्हणजे पावसाने अडवलेल्या उन्हाळ्याचं शेपूट, असं मी म्हणतो. म्हणून लंडनचे चार ऋतू आपल्या पुस्तकांत छापण्यात मला काही अर्थ दिसत नाही. आपले उन्हाळा, पावसाळा, हिवाळा हे आसाइतकेच वाऱ्याने ठरवलेले आहेत.

आता हे ऋतू सरकतात का, हा प्रश्न. आस वर्षभर एका दिशेला असतो म्हटलं, ते वर्षापुरतं खरं. भोवरा मंदावला की त्याची आर जागेवर राहून डोकं गोल फिरतं, तसा पृथ्वीचा आसही फिरतो. एका फेरीला सुमारे २६ हजार वर्षं लागतात, म्हणजे साधारण ७२ वर्षांना एक अंश. ऋतू सूर्याच्या उंचीला बांधलेले, आपली नक्षत्रं मात्र ताऱ्यांना. दोन्हींची फारकत होत राहते. ज्योतिषी वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत हेच नोंदवलंय : जुन्या शास्त्रांप्रमाणे सूर्य आश्लेषा नक्षत्राच्या मध्यावर असताना दक्षिणायन सुरू होई, आता तो कर्क राशीच्या आरंभी असताना होतं.

उत्तरायण आज २१-२२ डिसेंबरला सुरू होतं आणि ताऱ्यांना बांधलेली संक्रांत १४-१५ जानेवारीला येते. विवेकानंद १८६३ साली संक्रांतीला जन्मले तेव्हा तारीख १२ जानेवारी होती. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ची, पण त्या साली संक्रांत काही दिवस आधीच होऊन गेली होती. ‘संक्रांत कोसळली’ म्हणताना हे कुणी लक्षात घेत नाही.

संक्रांत सरकली तर तिळगूळ थोडा उशिरा खाऊ. मृगाचं तसं नाही. आज सूर्य ७-८ जूनला मृगात जातो आणि कोकणात पाऊसही त्याच सुमाराला येतो, म्हणून पेरणीचं गणित जुळतं. वराहमिहिराच्या काळी मृग मेच्या तिसऱ्या आठवड्यातच लागत असे. शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या समितीने हे ओळखून संपाताला, म्हणजे दिवस-रात्र समान होण्याच्या क्षणाला, बांधलेली राष्ट्रीय दिनदर्शिका सुचवली, ती २२ मार्च १९५७ला लागू झाली. राजपत्रावर ती छापली जाते, घरच्या भिंतीवर मात्र जुनं पंचांगच आहे. तेच चालू राहिलं, तर आणखी सातशे वर्षांनी मृग जूनच्या मध्यावर निघेल, आणि त्याची वाट पाहत थांबलेल्या शेतकऱ्याची पेरणी दहा दिवस मागे पडेल.